लाईटचा भरवसा नाही, नेट मोजकं : एकट्यानं खेळायला कोणता गेम घेऊ?

गोदाकाठ (सेलू):
नमस्कार मंडळी. खत-बियाण्याचं दुकान आहे. पेरणीची गर्दी ओसरली की रात्रीचे दोन तास माझे असतात. डेस्कटॉप जुना, रॅम ८ जीबी, ग्राफिक्स कार्ड १०५० टीआय. नेट मोबाईलचं, दिवसाला २ जीबी. घरी इन्व्हर्टर नाही. ऑनलाईन गोळीबार नको, गोष्ट असलेला गेम पाहिजे. नुसतं ‘लई भारी’ म्हणू नका, कुठं कंटाळा येतो तेही सांगा.

मांजरातीर (लातूर):
स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चार वर्षांहून जास्त खपून बनवला. चित्रं, संगीत, कोड सगळं त्याचंच. जेमतेम ५०० एमबी, तुमच्या पीसीवर आरामात चालेल. आजोबांची पडीक जमीन वाट्याला येते. तण काढायचं, पेरायचं, पाणी घालायचं, गावातल्या लोकांशी ओळख वाढवायची. महिना २८ दिवसांचा आणि तोच एक ऋतू. ऋतू पालटला की बहुतेक उभं पीक वाळून जातं, म्हणून पेरणीचा हिशेब आधी करावा लागतो. हा भाग मला फार आवडतो.

आता उणं सांगतो. गेम आला २०१६ च्या फेब्रुवारीत. त्याच एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. मी हा गेम नंतर घेतला, पण ती आठवण ताजी होती. यातलं तळं कधी आटत नाही. माल पेटीत टाकला की सकाळी ठरलेला पैसा हजर. आवक वाढली म्हणून भाव पडत नाही, आडत नाही, कर्ज नाही. पहिलं वर्ष धडपडीचं जातं, ते उत्तम आहे. दुसऱ्या वर्षी स्प्रिंकलर बसवले की शेतीत करायला काही उरत नाही, पैशाला किंमत राहत नाही. तिथं माझं मन उडालं. शेती म्हणून तो अपुरा आहे, गावातली माणसं म्हणून खेळा.

काळीमाती (जालना):
मांजरातीर, सेव्हचं राहिलं की. त्यात झोपल्यावरच सेव्ह होतं. लाईट गेली तर तो दिवस पुन्हा.

मांजरातीर:
बरोबर, सांगायला पाहिजे होतं. पण दिवस साधारण चौदा मिनिटांचाच असतो, तेवढंच जातं.

काळीमाती:
मी द विचर ३ सांगेन, २०१५ चा. त्यातली ब्लडी बॅरनची गोष्ट एकदा खेळाच. दारूच्या नशेत बायकोला मारणारा माणूस. त्याचा राग येतो, कीवही येते, आणि गेम तुमच्या वतीनं निकाल देत नाही. एवढं धीट लिखाण मला दुसऱ्या गेममध्ये क्वचित दिसलं. लढाई नसेल तेव्हा कुठंही सेव्ह करता येतं, आपल्याकडं याला फार मोल आहे.

तलवारबाजी मात्र तीच ती. गेममधल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशाभर प्रश्नचिन्हं पेरलीत, होडीतून जायचं आणि बुडालेल्या पेट्या काढायच्या. त्यांच्या नादी लागू नका. डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर गेम जड झालाय, सुरू करताना विचारलं की डायरेक्टएक्स ११ (चित्रं दाखवायची जुनी, हलकी पद्धत) निवडा. वजन ५० जीबीच्या घरात, म्हणजे तुमचे पंचवीस दिवस डाउनलोडमध्येच जातील. कुणाच्या घरी वायफाय असेल तर पीसी तिथं न्या.

पैनगंगा (हिंगोली):
राजी हा गेम बघा. २०२०, पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, भिंतीवरची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेल्या कथा. सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आहे. पाच-सहा तासांत संपतो. आणि संपतो म्हणजे मधेच तुटतो, त्याचं मला खरंच वाईट वाटलं. लढाया शेवटी शेवटी कंटाळवाण्या होतात. तरी आपल्या मातीतलं इतकं देखणं काम सोडू नये.

हॉलो नाईटही सुचवणार होते, पण त्यात मेलं की शेवटच्या बाकापासून (सेव्ह तिथंच होतं) पुन्हा चालत यायचं. दिवसभर दुकानात उभं राहून आल्यावर ते नको.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज रात्री स्टारड्यू उतरवतो. विचरसाठी दिवाळीला मावसभावाकडं परभणीला पीसी नेतो, त्याच्याकडं वायफाय आहे. काळीमाती, बॅरनपर्यंत पोचायला किती वेळ लागतो?

काळीमाती:
पहिलं गाव, व्हाईट ऑर्चर्ड, संपवा. तिथून पुढं वेलेन नावाच्या भागात तो भेटतो. रात्रीचे दोन तास धरले तर तीन-चार रात्री.