मदत हवी आहे : तीन आठवड्यांचा खोकला, मायकोप्लाझ्मा पॉझिटिव्ह आणि रक्ताचा न कळणारा रिपोर्ट

गोदाकाठची | १२ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच असते, या विभागात पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

लेक नऊ वर्षांचा, चौथीत. आम्ही नाशिकला. २१ डिसेंबरला त्याला ताप आला, १०१ च्या आसपास, सोबत घसादुखी आणि कोरडा खोकला. नेहमीच्या दवाखान्यात ॲमॉक्सी-क्लॅव्ह या अँटिबायोटिकचं सिरप मिळालं, पाच दिवस. ताप हटला नाही. मग सेफिक्झिम हे दुसरं अँटिबायोटिक, पुन्हा पाच दिवस. तरी संध्याकाळ झाली की १०० - १०१ आहेच. आणि पोरगा आजारी दिसेल तर शपथ! ताप उतरला की बॅट घेऊन पार्किंगमध्ये. त्यामुळे आम्हीही 'व्हायरल असेल, जाईल' म्हणत राहिलो. रात्री मात्र दोन-दोन तास खोकायचा, खोकून खोकून उलटी. दोन उशा लावून बसवलं की जरा थांबायचा.

२ जानेवारीला दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. छाती तपासून त्या म्हणाल्या, फार काही ऐकू येत नाहीये, पण एक्सरे काढून घ्या. एक्सरे बघून मी मटकन खालीच बसले. उजवीकडे खाली कापूस पिंजून पसरल्यासारखं पांढरं. घशाचा स्वॅब नाही घेतला, रक्त तपासलं. मायकोप्लाझ्मा (न्यूमोनिया करणारा एक जिवाणू) आयजीएम पॉझिटिव्ह, म्हणजे त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं रक्तात सापडली. ४ तारखेपासून पाच दिवस ॲझिथ्रोमायसिन. ६ तारखेला सकाळी ताप गेला तो आजपर्यंत आलेला नाही.

मग अडचण काय? खोकला. रात्रीचा कमी झालाय, पण आहे. सासूबाई म्हणतात औषध अर्धवट सुटलं, आणखी पाच दिवस द्या. नवरा म्हणतो आयजीएम पुन्हा करू. आणि एक गोष्ट राहून राहून मनात येते. रक्ताचा पहिला रिपोर्ट भलताच होता : हिमोग्लोबिन ११.९, पण तांबड्या पेशी २.३, एमसीएचसी (तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) ४७. लॅबमधून फोन आला, 'नमुना नीट नाही, परत तपासतो'. संध्याकाळी त्याच रक्ताचा दुसरा रिपोर्ट, तांबड्या पेशी ४.४ आणि एमसीएचसी ३३.५! एकाच नळीतलं रक्त सकाळी एक सांगतं, संध्याकाळी दुसरं. विश्वास कशावर ठेवायचा? यांचा आयजीएम तरी खरा कशावरून?

---

माळावरची_शुभा | १३ जानेवारी, सकाळी ७:०५

आमच्याकडे गेल्या वर्षी सेम टु सेम. खोकला पूर्ण जायला सव्वा महिना लागला. घाबरू नका ताई. झोपताना चमचाभर मध चाटवा, बाकी खोकल्याची सिरपं ढिगाने आणली त्यातलं एक लागू पडलं असेल तर देव जाणे.

---

बंडू_चौथा | १३ जानेवारी, सकाळी ९:१२

हा तोच चीनमधला आजार ना? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं, लहान मुलांची फुप्फुसं पांढरी होतात, औषधच नाही म्हणून. मास्क बाहेर काढा सगळ्यांनी परत.

---

जांभळं_झाकण | १३ जानेवारी, दुपारी १:३०

लॅबमध्ये बावीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे रक्ताच्या नळीबद्दल मी बोलतो. बाकी डॉक्टर मंडळी बोलतील.

ताई, रक्त सकाळी किती वाजता घेतलं? घरी येऊन घेतलं का? माझा अंदाज : जानेवारी, नाशिक, सातच्या आसपास, पोरगा मोटरसायकलवर नमुने गोळा करत हिंडला आणि नळी थंडगार झाली. तुमच्या त्या रिपोर्टमध्ये चूक कोणाचीच नाही, उलट त्यात आजाराची खूण आहे.

मायकोप्लाझ्मा झाला की शरीर जी प्रतिद्रव्यं बनवतं त्यातली काही चुकून आपल्याच तांबड्या पेशींना चिकटतात, पण फक्त थंडीत. याला आम्ही कोल्ड ॲग्लुटिनिन म्हणतो. साधारण निम्म्या रुग्णांत सापडतात. नळी तिरकी करून उजेडात धरली की काचेवर बारीक रव्यासारखे कण दिसतात, दूध नासायला लागल्यावर दिसतात तसे. तीच नळी मुठीत धरून बसा, पाच-दहा मिनिटांत कण गायब. फ्रीजमध्ये ठेवा, परत हजर. नवीन पोरांना मी हे मुद्दाम करून दाखवतो, जादूचा प्रयोग बघितल्यासारखे बघतात.

यंत्राला हे कळत नाही. चार-पाच पेशींचा गठ्ठा आला की ते एकच मोठी पेशी मोजतं. म्हणून संख्या निम्मी आणि एमसीएचसी अशक्य. साधारण ३२ ते ३६ असायला हवा तो आकडा ४७ दिसला की संशय आधी नमुन्यावर घ्यायचा. हिमोग्लोबिन मोजताना पेशी फोडूनच मोजतात, म्हणून ते दोन्ही वेळा बरोबर आलं. तुमच्या लॅबवाल्याने नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवून परत चालवली असणार. शहाणा माणूस आहे, त्याला सोडू नका.

फक्त दोन गोष्टी बघा. लघवी काळ्या चहासारखी होते का, डोळे पिवळे दिसतात का. क्वचित या प्रतिद्रव्यांमुळे पेशी खरंच फुटायला लागतात. तसं असेल तर धाग्यावर लिहीत बसू नका, दवाखाना गाठा.

---

गोदाकाठची | १३ जानेवारी, दुपारी २:१०

दादा, साडेसहाला आला होता तो! हातमोजे घालून, कानटोपी. दुसऱ्या रिपोर्टवर खाली बारीक अक्षरात 'नमुना ३७ अंशांना ठेवून तपासला' असं आहे, मी आत्ता वाचलं. लघवी स्वच्छ आहे, डोळेही. खूप खूप धन्यवाद.

---

रातपाळी | १३ जानेवारी, रात्री १०:५५

बालरोगतज्ज्ञ आहे. मुलाला न बघता उपचार सांगणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी जे केलंय ते का केलंय हे सांगू शकतो.

आधी पहिल्या दवाखान्याबद्दल. त्यांच्यावर चिडू नका. मुलांच्या न्यूमोनियात ॲमॉक्सिसिलिन हे पहिलं औषध म्हणून योग्यच आहे, कारण सगळ्यात आधी भीती न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या नेहमीच्या जिवाणूची. (त्यानंतरचं सेफिक्झिम मी दिलं नसतं, पण ते असो.) प्रश्न असा की ही सगळी औषधं जिवाणूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे हात बांधतात. मायकोप्लाझ्मा भिंत बांधतच नाही. तो तंबूत राहणारा गडी आहे. बाहेर नुसतं एक पातळ आवरण, आणि त्यासाठी लागणारं कोलेस्टेरॉलसुद्धा तो आपल्याकडूनच उचलतो. तिथे पेनिसिलिनच्या कुळातलं काहीही द्या, उपयोग शून्य. ॲझिथ्रोमायसिन त्याचा प्रथिनं बनवण्याचा कारखाना बंद पाडतं, म्हणून ते चालतं.

एक्सरे वाईट आणि पोरगा बरा, हे या आजाराचं वैशिष्ट्यच. हिंडता-फिरता न्यूमोनिया म्हणतात ते उगीच नाही. पाच ते पंधरा या वयात जास्त.

आता खोकला. आपल्या श्वासनलिकेला आतून केसांसारखी बारीक लव असते, ती सारखी हलून कफ वर ढकलते. मायकोप्लाझ्माच्या एका टोकाला खास पकड असते, तिने तो या पेशींना चिकटतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो. लव जळते. औषधाने जिवाणू आटोक्यात आला तरी जळलेली लव एका रात्रीत उगवत नाही, तीन-चार आठवडे लागतात, कधी जास्तही. तोवर कफ वर आणायला खोकला हा एकच मार्ग उरतो. तो दाबायला मी फार धडपडत नाही. मध चालेल, मुलगा वर्षाच्या वरचा आहे. घरात उदबत्ती, धूप, मच्छरची कॉइल बंद ठेवा.

औषध वाढवायचं का? ॲझिथ्रो सुरू करून दोन-तीन दिवसांत ताप उतरला की औषध लागू पडलं असं धरतो. तुमच्याकडे दोन दिवसांत उतरला. शिवाय हे औषध शेवटचा डोस दिल्यावरही काही दिवस पेशींत टिकून असतं. सासूबाईंना सांगा, अर्धवट काही राहिलेलं नाही.

आयजीएम पुन्हा करू नका, हे मात्र हात जोडून. तो महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहू शकतो, आज काढला तरी पॉझिटिव्हच येईल आणि तुम्ही पुन्हा इथे धागा काढाल. खरं तर एकट्या आयजीएमवर मी कधीच फार भार टाकत नाही, पहिल्या आठवड्यात तो कित्येकदा येतही नाही. घशाच्या स्वॅबचा पीसीआर जास्त कामाचा. पण तुमच्या मुलाचं वय, भिंतीवरच्या औषधांना दाद न देणं, एक्सरे आणि वर ते जांभळं_झाकण यांनी सांगितलेले रव्याचे कण, सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय.

बंडू_चौथा : हा जिवाणू नवा नाही, चीनचाही नाही. दर तीन ते सात वर्षांनी त्याची लाट येते. कोविडच्या काळात मुलं घरात होती, लाट लांबली, आणि २०२३ च्या शेवटी एकदम उसळली. चीनमध्ये, डेन्मार्कमध्येही. चीनमध्ये ॲझिथ्रोला न जुमानणारा प्रकार फार आहे हे खरं. त्याच्या आरएनएतलं एकच अक्षर बदललं की औषधाची पकड सुटते. तरीही डॉक्सीसायक्लिन आणि लिव्होफ्लॉक्सॅसिन उरतातच. 'औषधच नाही' हे खोटं.

---

अंडेवाला | १४ जानेवारी, सकाळी ६:२०

सगळ्यांना तिळगूळ घ्या. आमचा पोल्ट्रीचा धंदा. मायकोप्लाझ्मा हा शब्द मी रोज ऐकतो! कोंबड्यांचा सीआरडी, म्हणजे श्वासाचा जुनाट रोग, त्यानेच होतो. थंडीत शेडमध्ये शिरलात की घरघर ऐकू येते, डोळ्याला पाणी, अंडी कमी. आम्ही पाण्यातून टायलोसिन देतो. आता भीती वाटायला लागली, घरात लहान नातवंडं आहेत. त्यांना कोंबड्यांकडून होतो का?

---

रातपाळी | १४ जानेवारी, दुपारी ३:४५

काका, नाही. कुळ एक, पण कोंबड्यांचा वेगळा, माणसाचा वेगळा. तुमच्या शेडमधला नातवंडांच्या छातीत घर करत नाही. टायलोसिन मात्र ॲझिथ्रोचंच भावंड, म्हणून सल्ल्याशिवाय पाण्यात ओतू नका एवढंच.

---

जांभळं_झाकण | १४ जानेवारी, दुपारी ४:२०

अवांतर : मुळात हे कुळ सापडलं तेच गुरांत. नोकार आणि रू यांनी १८९८ मध्ये पॅरिसला गुरांच्या फुप्फुसाच्या रोगात ते शोधलं. माणसाचा हा न्यूमोनिया कशाने होतो ते १९४४ मध्ये ईटन यांनी दाखवलं, पण तो इतका बारीक की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून निसटायचा, म्हणून लोक त्याला वर्षानुवर्षं विषाणूच समजत होते. १९६२ मध्ये चॅनॉक आणि हेफ्लिक यांनी तो चक्क बशीत वाढवून दाखवला आणि विषय संपला. पेशी ठरावीक वेळाच विभागतात हे सांगणारे हेफ्लिक ते हेच. बशीत वाढायला तो दोन-तीन आठवडे घेतो, म्हणून कल्चर कोणी मागत नाही. तोवर रुग्ण शाळेत गेलेला असतो.

---

सदाशिव_म | १४ जानेवारी, रात्री ९:३०

कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. दोन आठवड्यांच्या वर खोकला आणि ताप म्हणजे आपल्याकडे टीबीचा विचार झालाच पाहिजे. आमच्या वडिलांचं निदान तीन महिने लांबलं. मधे कोणीतरी लिव्होफ्लॉक्सॅसिन दिलं, बरं वाटलं, मग परत सुरू.

---

रातपाळी | १४ जानेवारी, रात्री ११:१५

सदाशिवराव, शंभर टक्के. लिव्होफ्लॉक्सॅसिन टीबीवरही काम करतं, त्यामुळे टीबी काही दिवस झाकला जातो. म्हणूनही मुलांना ते सहज देत नाही. गोदाकाठची, घरात कोणाला टीबी होता का, मुलाचं वजन उतरलंय का, हे तुमच्या डॉक्टरांना सांगा. ताप परत आला किंवा चार-सहा आठवड्यांनीही खोकला तसाच असेल तर ही तपासणी व्हायलाच हवी.

---

नाव_नको | १५ जानेवारी, रात्री १२:५०

विषय वेगळा आहे, माफ करा. मला लघवीला जळजळ होती, रिपोर्टमध्ये मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम आलंय. हेच का? केमिस्टकडून ॲझिथ्रो घेऊ का?

---

रातपाळी | १५ जानेवारी, सकाळी ८:००

हा त्याचा भाऊबंद, पण शरीरसंबंधातून पसरणारा. केमिस्टकडून काहीही घेऊ नका, ॲझिथ्रोला तो हल्ली बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही आणि अर्धा उपचार झाला तर आणखी निगरगट्ट होतो. स्किन-व्हीडीच्या डॉक्टरांकडे जा, जोडीदारालाही न्या. लाजण्यासारखं काही नाही.

---

गोदाकाठची | २६ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

सगळ्यांना अपडेट द्यायचं राहिलं होतं. लेकाचं वजन पाचशे ग्रॅम वाढलंय. खोकला आता सकाळी उठल्यावर दोन-तीनदा, बस. घरात टीबी कोणालाच नव्हता, तरी डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, खोकला राहिला तर फेब्रुवारीत परत एक्सरे. आयजीएम परत केला नाही. नवऱ्याला रातपाळी यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, मग गप्प बसला.

पण मोठी, वय चौदा, १८ तारखेपासून खोकतेय. मी म्हटलं आता कसं काय, धाकट्याला तर महिना होत आला! डॉक्टर म्हणाल्या, याला अंगात भिनायला एक ते चार आठवडे लागतात, घरात एकेकाला सावकाश गाठतो. या वेळी आधीच घशाचा स्वॅब घेतला, पीसीआर पॉझिटिव्ह, थेट ॲझिथ्रो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

आणि जांभळं_झाकण दादा, हे खास तुमच्यासाठी. तिचं रक्त न्यायला तोच मुलगा आला, साडेसहालाच. मी म्हटलं, अरे याच घरातला मागचा नमुना गोठला होता बघ. तो म्हणाला, माहितीये मॅडम. नळी रुमालात गुंडाळली, स्वेटरच्या आत शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून चेन लावून गाडीला किक मारली.