जीपमधला सीबी किलोमीटरभरातच गप्प होतो

ताम्हिणीवाला:
पावसाळ्यात आम्ही चार गाड्या कोकणात उतरतो. ताम्हिणीत मोबाईल चालत नाही, म्हणून सगळ्यांनी सीबी (गाडीतून गाडीशी बोलायचा बिनतारी सेट) बसवले. माझा सेट ४ वॅटचा, मीटरभराची अँटेना मागच्या दाराच्या बिजागरीवर. पण पौडच्या पुढं सरळ रस्त्यावरही गाडी किलोमीटरभर लांब गेली की नुसती खरखर. ॲक्सिलरेटर दाबला की डास कानात शिरल्यासारखी शिट्टी चढते, ती वेगळीच. दुकानदार म्हणतो सेटचे वॅट वाढवणारा बूस्टर लावा. लावू?

सोल्डरकाका:
अजिबात नको. विनापरवाना मर्यादा ५ वॅटची आहे. आणि ४ चे ८ वॅट केलेस तरी समोरच्याच्या मीटरचा काटा जेमतेम अर्धं घर सरकणार. तुला ऐकू येण्यात तर काडीचा फरक नाही.

२७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटरची. तिचा पाव भाग म्हणजे पावणेतीन मीटर. तुझ्या अँटेनाच्या कांडीत गुंडाळी घालून ती आखूड केलेली असते, आणि अँटेनाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं काम गाडीच्या पत्र्याला करावं लागतं. ब्रॅकेट पत्र्याला टेकलाय ना? मी माझ्या जीपमध्ये दोन महिने सेटला शिव्या घातल्या, दोनदा उघडला. शेवटी बिजागरीवरचा रंग आडवा आलेला निघाला! पॉलिश पेपरनं पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घातला, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून ताकद किती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) ४ वरून दीडवर आला.

एसडब्ल्यूआरचा मीटर लावून चॅनेल १ आणि २७ वर बघ, मोकळ्या मैदानात, दारं लावून. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नको. २७ वर जास्त आला तर कांडी लांब आहे, १ वर जास्त तर आखूड. ३ च्या वर असेल तर बोलूच नकोस, सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर जाईल.

शिट्टी अल्टरनेटरची. अँटेना काढ (माइकचं बटण दाबायचं नाही) आणि रेस दे. शिट्टी राहिली तर ती सप्लायच्या वायरमधून येतेय.

कात्रजचा घाट:
काका, ४० चॅनेल असताना २७ च का?

सोल्डरकाका:
आपला विनापरवाना पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ. चॅनेल २८ म्हणजे २७.२८५, कुंपणाबाहेर.

ताम्हिणीवाला:
काका, रंगच होता! एसडब्ल्यूआर आता १.६. सप्लाय लायटरच्या सॉकेटातून घेतला होता, आता दोन्ही वायरी थेट बॅटरीवर, फ्यूज बॅटरीपाशीच. शिट्टी गेली. उरलेली खरखर मोबाईलच्या स्वस्त चार्जरची निघाली. तो काढला, डॅशकॅमच्या वायरीला बुधवार पेठेतून आणलेला फेराइट (वायरीतली खरखर अडवणारा मणी) अडकवला. रविवारी सपाटीवर चार किलोमीटर स्वच्छ बोललो. घाटात मात्र वळण आलं की अजून तुटतं.

सोल्डरकाका:
मध्ये डोंगर आल्यावर तुटणारच. एक गाडी माथ्यावर थांबवा, तिनं खालचा निरोप पुढं द्यायचा. आणि माइक तोंडापासून दोन बोटं लांब धरा. तुमच्यातला एक जण ओरडतो, असं मला आत्ताच वाटतंय.

ताम्हिणीवाला:
मेव्हणा.