ऑनलाइन सर्जनशील लेखनाची चाचणी फेरी: यशस्वी झाली हे कशावरून ठरवायचे?

शाईदौत:
विद्यार्थ्यांसाठी आम्ही चालवलेल्या ऑनलाइन सर्जनशील लेखन प्रकल्पाची ८ आठवड्यांची चाचणी फेरी नुकतीच संपली. दर आठवड्याला एक विषय दिला जाई, मुले कथा किंवा कविता लिहून चढवत, एकमेकांच्या लेखनावर अभिप्राय देत आणि हवे तर पुन्हा लिहीत. नोंदणी किती झाली, रचना किती आल्या, अभिप्राय किती पडले, एवढे रकाने भरून फेरी यशस्वी ठरवावी, असा सहकाऱ्यांचा विचार आहे. माझा त्याला विरोध आहे. अभिप्रायांचा आकडा भरघोस दिसतो, पण उघडून पाहिले तर त्यांतले बहुतेक 'छान', 'मस्त' आणि नुसते अंगठे आहेत. याउलट एका मुलीच्या कथेचा पहिला खर्डा 'आणि मला जाग आली' या ठरलेल्या वाक्याने संपला होता. तिच्या जोडीदाराने खाली एवढेच विचारले, 'मग विहिरीत पडलेल्या कुत्र्याचं काय झालं?' तिसऱ्या खर्ड्यात स्वप्न गेले, आणि ज्याला सगळे भित्रा म्हणत तो भाऊ दोर शोधत धावताना कथेत आला. रकान्यात याची नोंद 'अभिप्राय: १' एवढीच होते. म्हणून प्रत्येकाचा पहिला आणि शेवटचा खर्डा शेजारी ठेवून वाचावा आणि त्यावरच निर्णय घ्यावा, असे माझे म्हणणे आहे.

मोजपट्टी:
कुत्र्याची गोष्ट आवडली, पण ती तुम्ही वेचून काढलेली आहे. शिवाय 'वाचून ठरवू' म्हणणाऱ्यांनी १९६१ सालचा एक अमेरिकी अभ्यास आठवावा. पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांना देऊन ९ श्रेणींत लावायला सांगितले, तेव्हा त्यांतल्या १०१ निबंधांना पहिल्यापासून नवव्यापर्यंतची प्रत्येक श्रेणी कोणा ना कोणाकडून मिळाली. आणि हे वाचक बहुतेक प्राध्यापक, लेखक, संपादक, वकील असे लिहित्या-वाचत्या व्यवसायांतले होते. तुम्हाला दिसलेली सुधारणा दुसऱ्याला दिसेलच असे नाही. मुळात चाचणी फेरीला विचारायचा प्रश्नच वेगळा असतो. लेखन सुधारले का, हे ८ आठवड्यांत ठरवणे घाईचे आहे. व्यवस्था चालली का, मुले कोणत्या आठवड्यात गळाली आणि का, हे मात्र कळू शकते, आणि ते आकड्यांवरूनच कळते.

लाल शाई:
केव्हा गळाली हे आकड्यांवरून कळते. का गळाली, हे कळत नाही. अशाच एका फेरीत मी मार्गदर्शक होते. चौथ्या आठवड्यात आमचा आलेख घसरला, तेव्हा विषय कंटाळवाणा होता असे ठरवून सगळे मोकळे झाले. मुलांना विचारले तेव्हा कारण निराळेच निघाले. त्या आठवड्यात संवाद लिहायचे होते, मुले आधी वहीत लिहीत, आणि मोबाइलच्या कळफलकावर दर ओळीला अवतरणचिन्ह शोधताना ती वैतागली होती. वहीच्या पानाचा फोटो चढवायची मुभा दिली आणि बरीच जण परत आली. अर्थात फोटोमागे खर्ड्यांचा इतिहास राहत नाही, त्यामुळे शाईदौत यांची पद्धतही तिथे अडते.

शाईदौत:
फोटोंचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पुढच्या फेरीत पहिल्या पानाचाही फोटो मागावा लागेल. वेचून काढल्याचा आक्षेपही मान्य. चिठ्ठ्या टाकून खर्डे निवडू आणि कोणता आधीचा, कोणता नंतरचा हे परीक्षकांना कळू देणार नाही. मात्र डीडरिक यांच्या अभ्यासातून 'वाचू नका' असा अर्थ निघत नाही. वाचकांनी लिहिलेले शेरे तपासल्यावर दिसले ते असे, की कोणी कल्पनेकडे पाहत होते, कोणी मांडणीकडे, तर कोणी शुद्धलेखनाकडे. याचा अर्थ मतभेदालाही घडण होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८२ साली मांडलेल्या पद्धतीत त्या क्षेत्रातले जाणकार परस्परांशी न बोलता सर्व कृतींची आपसांत तुलना करून त्यांची सर्जनशीलता जोखतात, आणि त्यांचे कितपत जुळते ते नंतर तपासले जाते. जुळले नाही तर तसे अहवालात लिहू. रकाने भरण्यापेक्षा ते प्रामाणिक ठरेल.

मोजपट्टी:
परीक्षक प्रकल्पाबाहेरचे असतील तर माझा निम्मा विरोध संपतो. उरलेला निम्मा असा, की शेवटचा खर्डा नेमका कोणी लिहिला? चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरपासून सर्वांच्या हाताशी आहे आणि पहिल्या-शेवटच्या खर्ड्यांतली सर्वांत मोठी झेप नेमकी उसन्या मजकुराचीच असू शकते. तुमच्या पद्धतीत त्याच मुलाला सर्वाधिक श्रेय मिळेल. मधले खर्डेही वाचावे लागतील, आणि इतके वाचायला महिनाभर कोण बसणार, हे अहवाल मागणाऱ्यांनी आधी सांगावे. तोवर गळतीचा आठवडावार तक्ता जोडायला तरी हरकत नसावी.

लाल शाई:
तक्ता जरूर जोडा, पण मध्येच सोडून गेलेल्या मुलांपैकी निदान दहा जणांशी बोलून मगच. राहिलेल्या मुलांचे खर्डे कितीही बारकाईने वाचले, तरी गेलेली मुले का गेली ते त्यांत सापडणार नाही.