तिसरी ते सातवीची 25 मुलं, शिकवणारे तिघं: गट कसे पाडायचे?

नवशिका
आम्ही तिघं आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास वस्तीतल्या मुलांना शिकवणार आहोत. सातवीतल्या काहींना सलग वाचता येत नाही, तिसरीतल्या दोघी मात्र गोष्ट घडाघडा वाचतात. इयत्तेनुसार बसवावं का? सुरुवात शाळेच्या गृहपाठापासून करावी का?

पाटीपेन्सिल
इयत्ता बाजूला ठेवा, पातळी बघा. 2005 पासून होणाऱ्या ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीची पद्धत सोपी आहे. आधी चार सोप्या ओळींचा परिच्छेद वाचायला द्या. तीनपर्यंत चुका करून सलग वाचला तर गोष्ट द्या. अडखळला तर पाच शब्द. त्यातले किमान चार आले नाहीत तर पाच अक्षरं. एका मुलाला पाचेक मिनिटं लागतात.

चाचणी एकेकाची, इतरांपासून लांब घ्या. बाकीची मुलं ऐकत बसली की परिच्छेद पाठ होतो आणि पाचवं मूल न वाचताच ‘वाचतं’. म्हणून दोन-तीन वेगळे कागद ठेवा. मधेच चूक सुधारू नका, फक्त टिपून घ्या.

मग तीन गट: अक्षर, शब्द, परिच्छेद आणि पुढचे. सातवीचा मुलगा अक्षरगटात आला तर त्याला तिसरीच्या पोरांशेजारी बसवू नका. मोठ्यांची वेगळी चटई टाका, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तो येणं बंद करेल.

काना_मात्रा
अक्षरगटाबद्दल. बाराखडी तालात म्हणून घेतली की मुलांना येते असं वाटतं; मधलाच ‘कु’ दाखवला की ती ‘क’पासून म्हणत सुटतात. त्यापेक्षा चार अक्षरं आणि एक काना घ्या: क, म, ल, र. लगेच काम, माल, काल, मला, कमाल असे शब्द होतात. पहिल्याच दिवशी शब्द वाचता आला की मुलाचा चेहरा बदलतो, आणि ते फार मोलाचं आहे. घ-ध, भ-म अशा जोड्या एकाच दिवशी आणू नका. जोडाक्षरांत आधी पक्का, गच्ची. रफार सगळ्यांत शेवटी, कारण ‘सूर्य’मध्ये तो ‘य’च्या डोक्यावर बसतो पण उच्चार आधी होतो.

दशक_एकक
गणितासाठी गट पुन्हा पाडा. वाचणारं मूल वजाबाकीत अडकलेलं असू शकतं. ‘त्रेचाळीस’ ऐकून 34 लिहिणारी मुलं निष्काळजी नसतात: मराठीत तीन आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र नंतर.

43 − 17 चं उत्तर 34 आलं तर समजा, मूल मोठ्यातून लहान आकडा वजा करतंय: 7 − 3, 4 − 1. नियम पुन्हा सांगून उपयोग नाही. काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या हातात द्या. सात काढता येत नाहीत हे त्याला दिसलं की एक गठ्ठा तोच सोडतो. तेरातून सात गेले, सहा उरले. तीन गठ्ठ्यांतून एक गेला. उत्तर 26. कागदावरचा हातचा त्यानंतर.

पाटीपेन्सिल
गृहपाठ पहिल्या अर्ध्या तासात नको. तो सुरू झाला की वर्ग उत्तरं उतरवण्याचा होतो.

काना_मात्रा
इथे थोडा मतभेद. गृहपाठ नाही म्हणून शाळेत बोलणी बसत असतील तर शेवटची 15 मिनिटं द्याच, पण उत्तर सांगू नका, प्रश्न वाचून द्या.

नवशिका
तिघांपैकी एखादा गैरहजर असेल तर?

दशक_एकक
प्रत्येक मुलासाठी वहीत एक ओळ: तारीख, काय आलं, कुठे अडलं. वही वर्गातच ठेवा, म्हणजे बदली माणूस तिथूनच पुढे नेईल. दोघंच असाल तर परिच्छेदगटाला जोड्यांनी वाचायला बसवा आणि अक्षरगटाला माणूस द्या. एकटेच उरलात तर वर्ग घेऊ नका, आदल्या दिवशीच पालकांना कळवा. मुलांसोबत कायम किमान दोन मोठी माणसं हवीत, आणि पालकांना विचारल्याशिवाय फोटो कुठेही टाकायचे नाहीत.