प्रत्यक्ष झटापटीत कोणती युद्धकला खरोखर उपयोगी पडते?

प्रश्न

मी चार वर्षे कराटे शिकलो आणि तपकिरी पट्ट्यापर्यंत पोहोचलो. आमच्या वर्गात काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एकट्याने सराव, भरपूर होत असे, ठरवून दिलेल्या हालचालींचा जोडीने सरावही होत असे. समोरच्याने मनाला येईल तसा हल्ला करावा आणि आपण तो परतवावा, असा सराव मात्र क्वचितच होई, आणि तोही एक फटका लागताच थांबवला जाई. गेल्या महिन्यात, जेमतेम आठ महिने कुस्ती केलेल्या माझ्या मावसभावाशी मी सहज म्हणून झोंबी घेऊन पाहिली. तिन्ही वेळा माझा ठोसा पोहोचण्याआधीच त्याने पट काढून, म्हणजे माझे पाय धरून, मला खाली घेतले, आणि एकदा पाठ टेकल्यावर पुढे काय करायचे हे मला अजिबात सुचले नाही.

तेव्हापासून मी विचारात पडलो आहे. निरनिराळ्या शैलींची व्यावहारिक उपयुक्तता तोलायची झाली, तर निकष कोणता धरावा? माझे वय ३१ आणि वजन ६२ किलो आहे. मला स्पर्धेत उतरायचे नाही. अंगावर आलेल्या माणसापासून स्वतःला सोडवता यावे, एवढीच अपेक्षा आहे. बॉक्सिंग, थायलंडची मुए थाई, ज्युदो आणि जमिनीवरच्या लढतीवर भर देणारी ब्राझिलियन जिउजित्सू यांपैकी काय निवडावे, आणि कराटेची चार वर्षे वाया गेली असे समजावे का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

मी सतरा वर्षे ज्युदो करतो आहे, त्यामुळे माझे मत थोडे त्या बाजूला झुकलेले असेल हे आधीच सांगतो. माझ्या मते शैलीचे नाव नंतर पाहावे आणि सरावाची रीत आधी पाहावी.

ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन केली, तेव्हा जुन्या जुजुत्सूतील ज्या युक्त्या जोडीदारावर पूर्ण ताकदीने वापरल्यास तो जायबंदी होईल, त्या त्यांनी मुक्त सरावातून वगळल्या आणि उरलेल्या डावांचा सराव प्रतिकार करणाऱ्या माणसावर, म्हणजे रांदोरीत, रोज होईल अशी व्यवस्था केली. यातून एक विलक्षण गोष्ट घडली: डोळ्यात बोट घालणे किंवा गळ्यावर आघात करणे अशा ‘घातक’ युक्त्या केवळ हवेत गिरवणाऱ्यापेक्षा, निरुपद्रवी भासणारी एक फेक हजारो वेळा धडपडणाऱ्या माणसावर केलेला विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक धोकादायक ठरू लागला. तुमच्या मावसभावाच्या आठ महिन्यांत आणि तुमच्या चार वर्षांत फरक पडला तो इथेच.

दुसरे उदाहरण १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या यूएफसी या, निरनिराळ्या शैलींच्या लढवय्यांना आमनेसामने आणणाऱ्या स्पर्धेचे. वजनगट नव्हते आणि नियमही मोजकेच होते. ब्राझिलियन जिउजित्सू लढणाऱ्या, सुमारे ८० किलो वजनाच्या रॉयस ग्रेसी यांनी एकाच रात्री तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणले. त्यांत एक मुष्टियोद्धा होता आणि अंतिम लढतीतला प्रतिस्पर्धी सवात या लाथा-ठोशांच्या फ्रेंच शैलीचा होता. त्यावरून जमिनीवरची लढत सर्वश्रेष्ठ, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. परंतु १९९७ मध्ये किकबॉक्सर मॉरिस स्मिथ यांनी बलाढ्य कुस्तीगीर मार्क कोलमन यांच्याकडून यूएफसीचे विजेतेपद हिरावून घेतले, कारण तोवर उभ्याने लढणारे लोकही खाली सापडल्यावर तग धरायला आणि पुन्हा उठायला शिकले होते. ग्रेसींच्या विजयात त्यांच्या कौशल्याइतकाच समोरच्यांच्या अपरिचयाचाही वाटा होता, आणि तुम्हीही मावसभावासमोर नेमक्या त्याच अपरिचयामुळे पडलात.

प्रतिसाद २

वरील मुद्दा मला मान्य आहे, परंतु तो पुरेसा नाही. प्रतिकारासह केलेला सरावसुद्धा नियमांच्या चौकटीत होतो, आणि त्या चौकटीत जे घडत नाही त्याविषयी शरीर निष्काळजी होते. क्योकुशिन कराटेत उघड्या मुठींनी पूर्ण ताकदीने लढतात, परंतु डोक्यावर ठोसा मारण्यास मनाई असल्यामुळे लढणारे छातीला छाती भिडवून उभे राहतात आणि हात खाली राहण्याची सवय जडते. तायक्वांदोच्या ऑलिंपिक नियमांतही डोक्यावर लाथ चालते, ठोसा चालत नाही. ज्युदोच्या स्पर्धांत थेट पाय पकडण्यावर २०१० पासून निर्बंध आले आणि पुढे ते पूर्ण बंदीपर्यंत गेले. त्यामुळे केवळ स्पर्धेसाठी तयार झालेला आजचा ज्युदोका तुमच्या मावसभावाच्या पटापुढे गोंधळला, तर मला नवल वाटणार नाही.

मी स्वतः आधी बॉक्सिंग आणि नंतर मुए थाई केले. बॉक्सिंगइतके डोके हलवायला, पावले टाकायला आणि मार लागल्यावर न बिथरता विचार करायला दुसरे काहीच शिकवत नाही, असे माझे ठाम मत आहे. तरीही त्याच्या दोन उणिवा आहेत. पहिली म्हणजे पट्ट्या आणि ग्लोव्ह्ज यांच्या संरक्षणात शिकलेला ठोसा उघड्या मुठीने कवटीवर बसला, तर करंगळीच्या बाजूचे तळहाताचे हाड मोडण्याची बरीच शक्यता असते. दुसरी उणीव, म्हणजे पायांवरच्या हल्ल्याची सवय नसणे, २६ जून १९७६ रोजी टोकियोत सर्व जगाने पाहिली: जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून मुहम्मद अलींच्या पायांवर लाथा मारत राहिले, पंधरा फेऱ्यांत अलींना मोजकेच ठोसे मारता आले, आणि लढत बरोबरीत सुटली. त्या लढतीला खास नियम लावले होते हे खरे, पण तेवढ्या लाथांनी अलींच्या पायांचे जे हाल झाले ते नियमांमुळे झाले नाहीत. मुए थाईत पायांवरच्या लाथा, कोपर, गुडघा आणि जवळून मान धरून केलेली लढत हे सर्व येत असल्यामुळे उभ्याने लढण्याच्या शैलींत मी तिला सर्वांत व्यापक मानतो.

तुमचे कराटे वाया गेलेले नाही. लियोतो माचिदा यांनी शोतोकान कराटेच्या पायावर २००९ मध्ये यूएफसीचे लाइट हेविवेट विजेतेपद मिळवले. अंतर राखून थांबणे आणि नेमक्या क्षणी आत शिरणे ही त्यांची मुख्य शक्ती होती. तिला कुस्तीची जोड नसती, तर ती फार टिकली नसती.

प्रतिसाद ३

आतापर्यंतची चर्चा एकास एक, निःशस्त्र आणि मऊ मॅटवरच्या लढतीची झाली. प्रश्नकर्त्याला स्वतःला सोडवायचे आहे, आणि ते काम वेगळे आहे. कठीण फरशीवर आपण एकाला खाली जखडून ठेवले असताना दुसरा डोक्यावर लाथ घालू शकतो. म्हणून ब्राझिलियन जिउजित्सू शिकलात, तरी त्यातील खालून सुटून उभे राहण्याच्या भागावर भर द्यावा.

चाकूविषयी मला तळमळीने सांगावेसे वाटते. जोडीदाराच्या हाती मार्कर पेन द्या, स्वतः जुना पांढरा सदरा घाला, आणि त्याला मनाप्रमाणे, वेगाने, हात लगेच मागे घेत वार करायला सांगा. अर्ध्या मिनिटानंतर सदऱ्यावरील रेषा मोजल्या, म्हणजे मनगट पकडून चाकू हिसकावण्याचे जे धडे सावकाश शिकवले जातात, त्यांवर किती विसंबावे हे समजते. पळायला वाट असेल तर पळावे.

प्रश्नकर्ता

आपल्या सर्वांचा आभारी आहे. मार्करचा प्रयोग मी काल केला. अकरा रेषा निघाल्या आणि त्यांपैकी तीन पोटावर होत्या. आता माझा कल आधी जमिनीवरची लढत शिकण्याकडे आहे. मात्र दुखापतीची भीती वाटते, आणि वर्ग चांगला आहे की नाही हे कसे ओळखावे हेही कळत नाही.

प्रतिसाद १

पहिल्या दिवशी काही न शिकता फक्त बसून पाहा. नवख्यांना लवकर शरण जाण्याची, म्हणजे हाताने थोपटून ‘थांबा’ सांगण्याची, सवय लावतात का, आणि त्यांनी थोपटताच पकड त्याच क्षणी सुटते का, हे पाहा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबणारी पकड नीट बसली, तर सुमारे दहा सेकंदांतच माणूस बेशुद्ध होतो. त्यामुळे ज्या वर्गात ‘थोडे सहन करा’ असे सांगितले जाते, तिथे जाऊ नका. जुने विद्यार्थी हलक्या वजनाच्या नवख्याशी कसे लढतात यावरून शिक्षकाची पारख होते. कराटे सोडू नका, पण त्यात मुक्त लढतीचा सराव करणारे दोन-तीन जण शोधा आणि डोक्यावरचे फटके हलकेच ठेवा, कारण हेडगार्डने कातडी वाचते, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही.

दरम्यान मावसभावालाच सरावाला बोलवा. त्याने आधी निम्म्या ताकदीने पट काढावा, आणि तुम्ही ठोसा मारण्याच्या मोहात न पडता दोन्ही पाय मागे फेकून, कंबर खाली दाबून, छातीचा सगळा भार त्याच्या पाठीवर टाकावा. दहापैकी सहा वेळा त्याला अडवता आले, की ताकद वाढवायला सांगा.