ओहमचं गणित इथे लागत नाही
चार पॉवर्ड स्पीकर एका मिक्सरला जोडायला वेगळा अँप (सिग्नल वाढवून स्पीकर चालवणारं यंत्र) लागेल का, हा मूळ प्रश्न. लागत नाही, तो प्रत्येक स्पीकरच्या पोटातच असतो. स्पीकरचे ओहम (विद्युत रोध) अँपशी जुळवून घ्या असा सल्ला दिला जातो, तो पॅसिव्ह, म्हणजे आत अँप नसलेल्या स्पीकरसाठी. बाहेरच्या अँपचं स्पीकर आउटपुट तर पॉवर्ड स्पीकरच्या इनपुटला कधीच लावू नका, इनपुट जळू शकतं.

मिक्सरच्या लेफ्टमधून एक्सएलआर (तीन पिनांची ऑडिओ) केबल पहिल्या स्पीकरला, त्याच्या 'थ्रू' किंवा 'लिंक'मधून दुसऱ्याला. राइटचंही तसंच. काही मॉडेलांत हे आउटपुट व्हॉल्यूम नॉबनंतरचं असतं, मग पहिल्याचा आवाज कमी केला की पुढचाही उतरतो. मॅन्युअल बघाच.

मागची जोडी स्टेजपासून 20 मीटरवर ठेवणार असाल तर मात्र लिंक करू नका, मिक्सरच्या ऑक्समधून (मुख्य लेफ्ट-राइटपेक्षा वेगळं आउटपुट) वेगळी लाइन द्या. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, तारेतला सिग्नल जवळपास तत्क्षणी पोचतो. त्यामुळे मागच्या जोडीला सुमारे 58 मिलिसेकंद डिले हवा, म्हणजे सिग्नल तेवढा उशिरा सोडायचा. नाहीतर मागे बसलेल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि भाषण कळेनासं होतं. डिजिटल मिक्सरवर ही सेटिंग बहुधा मिळते.

घरघर आली तर मिक्सर आणि सगळे स्पीकर एकाच फेजवर घ्या. अर्थिंगची पिन काढून घरघर घालवण्याचा उपाय कृपा करून कोणी करू नका, जीवावर बेतू शकतं.