मी कामगार की भांडवलदार, आणि कुठल्या देशाचा?

ऐरोलीचा_चाकरमानी: बेसिक प्रश्न आहे, हसू नका. ऐरोलीला आयटी पार्कात कामाला आहे, क्लायंट जर्मनीचा, पगार रुपयांत. ज्या बिल्डिंगमध्ये बसतो ती एका रीटमध्ये (ऑफिसं विकत घेऊन त्यांचं भाडं गुंतवणूकदारांत वाटणारा फंड) आहे आणि त्याची थोडी युनिटं मीच घेतलीयत, म्हणजे माझ्याच ऑफिसच्या भाड्यातले चार पैसे मलाच परत येतात. वर पीएफ आहेच, ईपीएफओ २०१५ पासून ईटीएफमधून (शेअरसारखा बाजारात मिळणारा फंड) शेअर बाजारात पैसे टाकते, त्यामुळे एखाद्या कंपनीने माणसं काढली आणि शेअर वर गेला की माझं म्हातारपण सुधारतं, आणि काढलेला माणूस मीच असू शकतो. सोसायटीच्या ग्रुपवर काका लोक एकतर स्वदेशी-विदेशी करतात नाहीतर मालक-कामगार, मला दोन्ही फिट बसत नाही. याच्या पलीकडे कोणी विचार केलाय का, आणि तो इथल्या माणसाला लागू पडतो का?

जुना_वागळेवाला: चार युनिटं घेऊन कोणी भांडवलदार होत नाही रे बाबा. पैसा कोणाचा यापेक्षा ठरवतं कोण ते बघ. तुझ्या पीएफचे शेअर आहेत, पण कोणाला काढायचं हे तुला कोणी विचारलं का? ठाण्याची वागळे इस्टेट एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीची, तिथल्या शेड गेल्या आणि काचेच्या बिल्डिंगी आल्या, तेव्हा कामगारांकडे पीएफ होताच की.

पुस्तकी_किडा_ठाणे: काका बरोबर, पण सीमेचा मुद्दा राहिला. अर्थतज्ज्ञ रिकार्डोने १८१७ ला इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाईन घेऊन व्यापार समजावला, आणि त्यात धरून चाललाय की भांडवल सहसा देश सोडत नाही, कारण पैसेवाल्याला परदेशी जावंसं वाटत नाही, वर म्हणतो ही भावना कमी झाली तर मला वाईटच वाटेल. आता पैसा एका क्लिकवर जातो आणि माणसाला व्हिसा लागतो, तरी कॉलेजात तेच उदाहरण. जीडीपीचंही तसंच, देशाच्या सीमेच्या आत काय बनलं तेवढं मोजतो, मालक कुठला ते बघत नाही. न्हावा-शेवाला टर्मिनल चालवणाऱ्यांत दुबई, सिंगापूर, डेन्मार्कचे लोक आहेत, नफा तिकडे गेला तरी आकडा आपल्या जीडीपीत. अमेरिकासुद्धा १९९१ पर्यंत जीएनपीच (देशातल्या लोकांची कमाई, मग ती कुठेही होवो) पुढे धरायची.

दर्यावर्दी_बेलापूर: मी जहाजावर असतो. मालक ग्रीक, झेंडा म्हणजे नोंदणी पनामाची, क्रू फिलिपिनो आणि आपली पोरं, कुठला देश लावणार सांगा. खलाशांसकट वाहतूक कामगारांच्या युनियनांचा जागतिक संघ आयटीएफ १९४८ पासून हेच धरून बसलाय की झेंडा सोडा, खरा मालक कुठला ते बघा आणि त्याच्याशी करार करा. आयएलओमध्ये (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) मालक आणि युनियनवाले समोरासमोर बसून खलाशाचा किमान बेसिक डॉलरमध्ये ठरवतात, भारतीय असो की युक्रेनी, आकडा एकच. असं दुसऱ्या कुठल्याच धंद्यात नाही. आहे शिफारसच, आणि एजंटला लाखो भरून भलत्याच जहाजावर चढलेल्या पोराला तो आकडा माहीतही नसतो हेही खरं, पण पगार देशाबाहेर बसून ठरू शकतो एवढं तर दिसतं.

उरणकर: तुमच्या भांडवल-श्रमात जमीन कुठे गेली?? १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघरला गोळीबारात पाच जण गेले ते पगारासाठी नव्हे, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या भावासाठी. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के आले, घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा विकसित प्लॉट परत, म्हणजे विकासात जमीनवाल्याचा वाटा. त्यातले कितीतरी प्लॉट नंतर बिल्डरकडे गेले तो वेगळा विषय, इथे काढला तर भांडणं होतील. पण आगरी शेतकरी कामगार होता की भांडवलदार, सांगा आता.

जुना_वागळेवाला: @दर्यावर्दी_बेलापूर तुमचं वाचून माथाडी, म्हणजे ओझी उचलणारे हमाल, आठवले. वाशी मार्केटला जा, टोळी आज या गाळ्यावर, उद्या त्या. १९६९ च्या कायद्याने नोंदणी माथाडी बोर्डाकडे, व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम) बोर्डात भरतो, त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना. मालक बदलला तरी हक्क माणसाबरोबर राहतो. अण्णासाहेब पाटलांनी हे उभं केलं तेव्हा अ‍ॅप नावाची चीज नव्हती.

ऐरोलीचा_चाकरमानी: हे आवडलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत डिलिव्हरीवाल्यांसाठी अ‍ॅप कंपनीच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के घ्यायची तरतूद आहे, ती साधारण याच वळणाची ना? पण माझ्या केसमध्ये लेव्ही कोणी भरायची, इथल्या कंपनीने की जर्मन क्लायंटने? आणि त्याने उद्या काम व्हिएतनामला हलवलं तर बोर्ड कुठे बसवायचं? दर्यावर्दी, तुमच्याकडे मालक झेंडा बदलतो तेव्हा चालू करार टिकतो का?